पायजम्याखाली मिलिटरी बूट

गफूर उस्तादांनी मला दोन सेकंदांनी फेल केलं होतं.

आज सकाळी उस्ताद गेले. वय एक्क्याऐंशी. मी दिवसभर त्या दोन सेकंदांबद्दलच बोलतोय, घरचे कंटाळले असतील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी तरुणपणी राखीव सैनिक होतो. वर्षातले दहा महिने मार्केट यार्डात वडिलांच्या कांद्याच्या गाळ्यावर, दोन महिने कॅम्पात वर्दीत.

उस्तादही आमच्यासारखेच. एरवी शनिवार पेठेत घड्याळदुरुस्तीचं छोटंसं दुकान. कॅम्पात मात्र आमच्या सदतीस जणांच्या फिटनेसची सगळी जबाबदारी त्यांची.

टेस्ट साधी होती. बूट घालून पाच किलोमीटर, अठ्ठावीस मिनिटांत. दोनदा फेल झालात की नाव कमी, वर्दी जमा.

मला वाटायचं, आपण कांद्याची पोती उचलतो, आपल्याला काय धाड भरलीय!

अठ्ठावीस मिनिटं, दोन सेकंद.

सगळी बॅच उस्तादांच्या मागे लागली. "उस्ताद, दोनच सेकंद आहेत. सोडा ना!"

रागावले की उस्ताद 'अहो-जाहो'वर यायचे. मला म्हणाले, "अहो शेठ, मी घड्याळं दुरुस्त करतो. आपल्याला खोटी वेळ हवी असेल तर दुसरं दुकान बघा."

आणि वहीत लिहिलं, नापास.

मी बराकीत जाऊन रडलो. हो, रडलो. गाळ्यावर मी फक्त अण्णांचा मुलगा होतो. वर्दीवर माझं स्वतःचं नाव होतं. अजून एकदा फेल झालो की तेही जाणार होतं.

संध्याकाळी उस्ताद आले. माझ्या कॉटवर बसले आणि म्हणाले, "बूट काढ."

दोन्ही टाचा सोललेल्या. मोजे रक्तानं चिकटलेले.

"दम आहे तुझ्यात. पाय नाहीत. दहा महिने चपला घालतोस, मग एकदम बूट. पाय ओळख तरी कशी ठेवतील?"

मग त्यांनी एकेकाचे पाय बघितले. अर्ध्या बॅचची तीच गत. आम्ही सगळे कॅम्पच्या आधी पंधरा दिवस धावायचो आणि स्वतःला फार हुशार समजायचो.

त्या वर्षी उस्तादांनी घरी परतताना प्रत्येकाला एक कागद दिला. बाराही महिन्यांचा प्रोग्राम, ज्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे. माझ्या कागदावर लिहिलं होतं: 'स्कूटर स्वारगेटला लावणे. तिथून गाळ्यापर्यंत धावत. बूट रोज, दिवसभर.'

दिवसभर!

वारज्याच्या घरातून पहिल्या दिवशी निघालो. वर सदरा, पायजमा आणि खाली काळेकुळकुळीत मिलिटरी बूट. अण्णा ओट्यावर चहा पीत होते.

"आरं, येड लागलंय का तुला? गाळ्यावर निघालाय का लढाईवर?"

यार्डात तर करमणूकच. कांद्याच्या ट्रकमधून वाट काढत धावत यायचो तेव्हा हमाल ओरडायचे, "मालक, कोण मागं लागलंय?" गिऱ्हाईक आधी माझ्या पायांकडे बघायचं, मग मालाकडे.

एकदा लाज वाटून बूट काढून चपला घातल्या. नेमके त्याच दिवशी उस्ताद सायकलवरून हजर. ते असे न कळवता कुणाच्याही कामावर टपकायचे. मनगट धरून माझी नाडी मोजली, चपलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाडी छान आहे आपली. येतो."

बस्स. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

त्यानंतर मी बूट फक्त झोपताना काढले.

पुढच्या कॅम्पात टेस्टच्या सकाळी मी बुटांच्या नाड्या तीनदा बांधल्या. हा चान्स गेला की संपलंच होतं.

सुटलो.

तिसऱ्या किलोमीटरला लक्षात आलं की मला माझे पाय आठवतच नाहीयेत. दुखत नव्हते, जळत नव्हते, नुसते पळत होते. गेल्या वर्षी मला मागे टाकून गेलेले दोघे मी मागे टाकले. शेवटच्या फेरीला बॅच माझं नाव घेऊन ओरडत होती आणि मी येड्यासारखा हसत होतो.

उस्तादांनी घड्याळ दाबलं.

"पंचवीस मिनिटं, चाळीस सेकंद."

मला वाटलं मिठी मारतील. म्हणाले, "बाजूला हो, मागचे येतायत."

मागचेही आले. सगळेच्या सगळे. सदतीसपैकी सदतीस पास! आमच्या युनिटमध्ये असं कधी घडलं नव्हतं. कर्नलसाहेब स्वतः मैदानात आले आणि विचारलं, काय केलंत?

उस्ताद सावधान उभे. "साहेब, चपला बंद केल्या."

बस एवढंच. त्या माणसाला स्वतःची जाहिरात कधी जमलीच नाही, म्हणून आज मी करतोय. मी पुढे वीस वर्षं वर्दी घातली ती या माणसामुळे. दोन सेकंद सोडले असते तर मी पास झालो असतो आणि पुढच्या दोन वर्षांत घरी बसलो असतो.

आज दुपारी नमाजनंतर आमच्या बॅचचे सतरा जण जमलो. सगळ्यांची साठी उलटलेली. दोघांच्या हृदयात स्टेंट. उस्तादांचा मुलगा म्हणाला, "काका, कबरस्तान लांब आहे, ऊन आहे. गाडी सांगितलीय."

आमच्यातला एक म्हणाला, "गाडी परत पाठव बेटा."

खांदा बदलत, एका पावलात, उस्तादांना आम्ही चालत नेलं. मुलगा मागे पडला, त्याचे मित्र मागे पडले. वाटेत एकानंही 'थांबूया' म्हटलं नाही.

कबरस्तानच्या दारात पोचलो तेव्हा मी सगळ्यांकडे पाहिलं. डोळे सगळ्यांचे भरलेले होते. धाप एकालाही लागली नव्हती.

उस्ताद, तुमची पोरं अजून फिट आहेत. आता निवांत आराम करा.

कडक सलाम. खुदा हाफिज.