रिकाम्या व्हॅनचा वेग

पूल ओलांडेपर्यंत वन्संनी तिसऱ्यांदा थांबून चपलेतला खडा काढला आणि तिसऱ्यांदा उगाचच हसल्या.

"हसताय काय वन्सं? कोर्टात निघालोय आपण, सहलीला नाही," धाकटी भावजय म्हणाली.

"रडत गेलं तरी अंतर तेवढंच गं, धाकटे."

अंतर चांगलं पाच किलोमीटर होतं. बस होती, पण निकाल लागेपर्यंत चाकं असलेल्या कशातही बसायचं नाही, असा वन्संचा हट्ट. त्यांना एकटं सोडवेना, म्हणून धाकटी ओठातल्या ओठात नाम घेत बरोबर चालली होती.

वन्सं एकोणीस वर्षं बेकरीची व्हॅन चालवत. तीन मजली केक तसूभरही न हलवता घरोघर पोचवायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे त्यांचा वेग असा, की सायकलवाले पुढे निघून जात आणि वर वळून बघत. गल्लीत त्यांचं नावच गोगलगाय. लायसन्सवर आधीच दोन शेरे होते, तेही फार सावकाश चालवून रस्ता अडवल्याबद्दल! आणि आता हा तिसरा, रस्त्यावरच्या कॅमेऱ्यानं पकडलेला: मर्यादा चाळीस, वेग एकाहत्तर. तो कायम झाला की लायसन्स सहा महिने जप्त. बेकरीवाले काही सहा महिने हातावर हात ठेवून बसणार नव्हते.

"कॅमेराच बिघडलाय," धाकटी म्हणाली. "देवाच्या दयेनं माझ्याकडे पुरावा आहे."

"कसला गं?" वन्सं दचकल्या.

"बघाच तुम्ही."

कोर्टाची खोली शाळेच्या वर्गासारखी होती. बाकं, कुरकुरणारा पंखा आणि उंचावर बसलेल्या न्यायाधीशबाई. वन्संचा पुकारा झाला तशी धाकटीच पुढे सरसावली आणि पिशवीतून बेकरीची पोचवही काढून टेबलावर ठेवली.

"बघा साहेब. त्याच दिवशी तीन मजली केक. खाली गिऱ्हाईकाची सही, 'अखंड मिळाला'. एकाहत्तरनं गाडी पळवली असती तर केकचा चिखल झाला नसता?"

मागच्या बाकावर कुणीतरी "वा!" म्हटलं. न्यायाधीशबाईंनी वही जवळ ओढली, नोटिशीवर नजर टाकली आणि चष्मा वर केला.

"सही अकरा वीसची. कॅमेऱ्यातला फोटो अकरा बेचाळीसचा. म्हणजे तेव्हा गाडीत केक नव्हता."

धाकटीनं कपाळाला हात लावला. वन्संना वाचवायला गेली आणि स्वतःच्या हातानं खड्ड्यात घातलं!

बाईंनी फोटो वर धरला. स्टिअरिंगमागे वन्सं होत्या, तोंडाचा आ वासलेला, केस उडालेले, चेहऱ्यावर निखळ आनंद.

"हे काय चाललंय?"

"गातेय, साहेब," वन्सं म्हणाल्या.

खोलीत खसखस पिकली.

"खरं सांगते. एरवी परतताना मागे केकचे काचेचे स्टँड असतात. त्या दिवशी गिऱ्हाईकानं ते ठेवून घेतले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मागे काही म्हणजे काहीच नाही! समोर उतार, रस्ता मोकळा. म्हटलं, बघू तरी ही गाडी पळते का. पळाली हो! चूक माझीच आहे."

कोपऱ्यातला वाहतूक पोलीस टोपीआड हसत होता. धाकटीनं डोळे मिटून घेतले होते.

"दोनदा सावकाश चालवल्याबद्दल, एकदा वेगाबद्दल," न्यायाधीशबाई कागद चाळत म्हणाल्या. "सरासरी काढली तर तुम्ही अगदी नियमानं चालवता." मग आवाज कडक झाला. "उतारावर कुणी आडवं आलं असतं तर? दंड भरावाच लागेल. मात्र खरं बोललात, म्हणून लायसन्स राहू देते. पुन्हा दिसू नका."

बाहेर पायऱ्यांवर येताच दोघींना हसू असं फुटलं की कठड्याला धरून बसावं लागलं.

"मला आधी सांगायचं नाही का?" धाकटी डोळे पुसत म्हणाली. "मी बिचारी कॅमेऱ्याला शिव्या घालत बसले!"

"तू इतक्या भक्तीनं माझी बाजू घेत होतीस, जीभच उचलेना." वन्सं इकडेतिकडे बघत, शाळकरी मुलीसारख्या कानाशी आल्या. "ऐक ना. शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर ऐंशीची परवानगी आहे. रविवारी बेकरी बंद, व्हॅन रिकामी उभी असते, मालकांना मी विचारते. शेजारी बसशील? देवाचं नाव घ्यायचं तर घे, पण गाण्यात माझ्याबरोबर सूर धर. एकटीनं गायला मजा येत नाही गं."