सैल गाठ

२०११ साली मी कागदावर सत्तावन्न वर्षांचा होतो, कॉलेजच्या बागेत माळी. आमच्या नेपाळी वॉचमनची मुलगी माया तिथंच शिकायची. फी भरायला तिला बागेतलं पगारी काम हवं होतं. क्लार्क म्हणाला, “इथले कागद नाहीत, काम नाही.”

ती बाहेर आली आणि कललेला गुलाब काठीला बांधू लागली. खोड वाढेल म्हणून गाठ सैल ठेवली. अशा हाताला गाव कुठलं विचारायचं?

मी आत गेलो. “भाऊसाहेब, माझ्या कागदावरची जन्मतारीखही शाळेत गुरुजींनी अंदाजानं टाकलीय. तरी मला बरं कामावर ठेवलंत?”

“काका, प्राचार्यांशी भांडा!”

भांडलो. संध्याकाळी ते म्हणाले, “घ्या पोरीला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, आजवर कुणाला हात लावू न दिलेली माझी कात्री मी मायाच्या हातात दिली.