जिभेवरचं पांढरं

बाळ दोन महिन्यांचं असताना त्याच्या जिभेवर पांढरं दिसू लागलं. सासूबाई म्हणाल्या, दूध पिणाऱ्या पोराची जीभ पांढरी असायचीच. मीही मग बघायचं सोडलं. तेव्हा केस विंचरायलासुद्धा माझ्यात त्राण नव्हतं.

आठवडाभरात ते गालांच्या आतून पसरलं, फाटलेल्या दुधाच्या कणांसारखं. ओल्या फडक्याने पुसलं तर निघेना, जोर केला तर रक्त आलं. बाळ दोन घोट प्यायचं आणि मान फिरवून रडायचं. वजन उतरलंय हे उचलतानाच कळत होतं.

मग मला दोषी सापडला. सासूबाई रोज सकाळी सहाणेवर घुटी उगाळायच्या, कडू किती झालीय ते बोटाने चाखायच्या आणि तेच बोट बाळाच्या तोंडात घालायच्या. दात नाहीत त्या तोंडाला कसली आलीय स्वच्छता, असं त्यांचं म्हणणं. एरवी मी गप्प असायचे. त्या दिवशी सहाण उचलून माळ्यावर टाकली आणि बाळाच्या तोंडाला हात लावायचा नाही असं बजावलं. त्या ओटीवर जाऊन बसल्या. नवरा म्हणाला, आपलेच दात, आपलेच ओठ. ज्याला दातच नाहीत त्याचं काय, असं मी म्हणणार होते, पण कंटाळा आला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. दमलेल्या माणसाला दुसरं कुणी चुकलेलं सापडलं की जरा टेकायला मिळतं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला कंपनीत फर्स्ट शिफ्ट होती. म्हणून पोलादपूरहून एसटीने महाडच्या डॉक्टरीणबाईंकडे सासूबाईच सोबत आल्या. बाईंनी बाळाच्या तोंडात बॅटरी मारून पाहिलं. बुरशी आहे म्हणाल्या, थेंब लिहून दिले. आठवड्यात वजन वाढलं नाही तर दाखल करावं लागेल. मी घाईघाईने बोटाचं सांगून टाकलं. ते बंदच करा, असं म्हणून त्यांनी मला विचारलं, "पाजताना तुम्हाला दुखतं का?"

दुखत होतं. चटके बसावेत तसं, पंधरा दिवस. पहिल्या खेपेला दुखतंच, असं सगळ्यांनी सांगितलेलं, म्हणून मी ओठ आवळून पाजत होते. बाईंनी तपासलं. तीच बुरशी माझ्या अंगावर होती. माझ्याकडून त्याला, त्याच्याकडून मला. औषध दोघांनी एकदम घेतल्याशिवाय ती जाणार नव्हती. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

डेपोच्या बाकावर गाडीची वाट बघताना मी म्हटलं, "आई, माझं चुकलं."

त्या बाळाला थोपटत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला पन असेच चटके बसायचे गो. सगळी म्हणाली, हिला दूधच नाय. तुझ्या नवऱ्याला तिसऱ्या महिन्यात वरच्या दुधावर टाकला मी. दुखतंय का, ता कोणी इचारलाच नाय."

आठवड्याने वजन वाढलं. पांढरं गेलं, माझे चटकेही थांबले. तरी मी पाजायला बसले की त्या दारातून विचारायच्या, आज दुखतंय का. मी नाही म्हणायचे. कधीकधी उगाचच, थोडंसं दुखतंय, असं म्हणायचे.