आधी शिवलेला फ्रॉक

गल्लीत त्याला सगळे मास्तर म्हणत. गळ्यात टेप टाकून शिलाई मशीनवर बसणाऱ्या माणसाला दुसरं म्हणणार तरी काय? हात असा, की एक खांदा पडलेल्या माणसाने त्याच्याकडून कोट शिवून घेतला की दोन्ही खांदे सरळ. खालच्या खांद्यात थोडा कापूस भरायचा. पोट सुटलं असेल तर पुढची शिवण जरा फिरवून घ्यायची. "वरच्याने माप चुकवलं, तर आपण काय हात बांधून बसायचं?" असं तो म्हणे आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाई.

त्याची मुलगी चिंगी तिसऱ्या वर्षात होती आणि अजून बसत नव्हती. तिच्या बरोबरीची पोरं जिने चढून शिव्या शिकायला लागली, पण हिची मान सावरायलाच वर्ष गेलं. ती सावरली त्या दिवशी मास्तरने हातातलं काम बाजूला टाकून तिला कॉलरचा फ्रॉक शिवला. घट्ट मिटलेली मूठ उघडून तिने रीळ धरलं, तेव्हा खिशाचा. खिशात ठेवायला तिच्याकडे काही नव्हतं, पण खिसा पाहिजे म्हणजे पाहिजे. घरात तशी रीतच पडली. आधी चिंगीने काहीतरी करायचं, मग फ्रॉक, मग शेजारीपाजारी चॉकलेटं. शेजारीण चिडवायची, "मूठ उघडल्याची चॉकलेटं? पोरगी चालायला लागली की काय विमान वाटणार?" चॉकलेटं मात्र दोन उचलायची.

मग चिंगीकडून व्यायाम करून घेणाऱ्या थेरपीच्या बाईंनी सांगितलं, "तीन वर्षांची व्हायच्या आत आधाराशिवाय बसली, तर पुढच्या वर्गात घेऊ. उभं राहायला तिथे शिकवतात. नाहीतर जागा दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल." त्या दिवसापासून चिंगीच्या आईला घास गोड लागेना. दिवसभर पोरीला पायांत घेऊन बसवायची. हात काढला की चिंगी क्षणभर तोलायची आणि ओल्या टॉवेलसारखी एका बाजूला कलंडायची. आई पुन्हा बसवायची. मास्तरला मशीनवरून हे सगळं दिसे आणि त्याची शिवण वाकडी जाई.

शेवटी त्याने पहिल्यांदाच आधी फ्रॉक शिवला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! शर्टाच्या कॉलरमध्ये घालतात ते कडक बकरम दुहेरी करून, काखेपासून कमरेपर्यंत, अस्तराच्या आत. वरून बघणाऱ्याला नुसता फुलाफुलांचा फ्रॉक. जरासा टेकू, एवढंच त्याच्या मनात होतं, आणि बायकोला तो सांगणारही होता. पण तिने फ्रॉक चढवला, चिंगीला जमिनीवर ठेवून हात काढला आणि चिंगी बसली. बसूनच राहिली. बायको रडता रडता हसायला लागली. "अहो, बसली हो! बघा तरी, बसली!" मास्तरच्या जिभेवर आलेलं वाक्य तिथेच राहिलं. तो खाली जाऊन चॉकलेटं घेऊन आला. नंतर रोज सांगू सांगू म्हणता त्याला धीर झाला नाही.

तपासणीच्या दिवशी बाईंनी चिंगीला चटईवर बसवलं. ती ताठ बसली. बाई खूश झाल्या आणि पाठीचा कणा बघायला त्यांनी मागची बटणं काढून फ्रॉक उतरवला. चिंगी कोसळली. कपाळ आपटायच्या आत बाईंनी धरलं. पुन्हा बसवली, पुन्हा कोसळली. बाईंनी फ्रॉक उचलून बोटांनी दाबून पाहिला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मागच्या वेळी क्षणभर तरी तोलत होती," त्या म्हणाल्या. "आता तेही गेलं. इतके दिवस फ्रॉक बसत होता, मास्तर. पाठीला कामच राहिलं नाही."

जागा गेली. घरी आल्यावर बायकोने चिंगीला पलंगावर ठेवलं आणि फ्रॉक मशीनवर टाकला.

"उसवा."

मास्तर ब्लेड घेऊन बसला. टाके त्याचेच, पक्के, सुटता सुटेनात. "तुला फसवायचं नव्हतं गं," तो म्हणाला. "पण तू इतकी हसलीस त्या दिवशी. मग कुठल्या तोंडानं सांगणार होतो? पोरीचं वाटोळं केलं मी."

"या घरात कपडे कोण धुतं?" बायकोने विचारलं.

मास्तरचा हात थांबला.

"पहिल्याच धुण्यात कळलं मला. पिळायला गेले तर पिळलाच जाईना. कळलं, तरी वाळत घातला आणि सकाळी पुन्हा तिच्या अंगात घातला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही चॉकलेटं वाटून आला होतात. चेहरा बघायला हवा होता तुमचा तेव्हा." ती खाली बसली. "आणि मला वाटायचं, फ्रॉक बसतोय ते ठीक, पण आतल्या आत थोडी तरी ती बसत असेल."

चिंगी उताणी पडून पंख्याकडे बघत हसत होती. तिला उचलून बसवून बघायचा धीर दोघांपैकी कोणालाच झाला नाही.