अकरा हंगाम, चौदा गोल

सप्टेंबरचा दुसरा शनिवार, सकाळचे पावणेसात. रक्कम बाराशे डॉलर, दहा शिकवण्यांची. पैकी सहाशे त्या दिवशी, सहाशे शेवटी. हजर: मी, माझी बायको, आमची तेरा वर्षांची मुलगी आणि तिचा आइस हॉकीचा नवा कोच. मी पावती मागितली. कोचने स्टिकला गुंडाळायची पांढरी चिकटपट्टी फाडली, तिच्यावर ‘६०० मिळाले’ असं लिहून सही केली आणि ती माझ्या वहीत चिकटवून दिली. मला तो माणूस तिथेच खटकला.

मुलगी गावातल्या संघात बचावाला खेळते, त्यांचे सामने रविवारी असतात. आमच्या फ्रिस्को गावातून हिवाळी स्पर्धांना बाहेरगावी जो संघ जातो, त्याच्या निवडीत आदल्या वर्षी ती पहिल्याच फेरीत गळली होती. यंदाची निवड नोव्हेंबरात होती. मी अट घातली: यादीत आलीस तर हॉकी, नाहीतर शनिवारी गणिताचा क्लास. तिने माझ्याशी हात मिळवून ती मान्य केली. त्याच आठवड्यात मी क्लासला पंचाहत्तर डॉलर भरून जागा राखून ठेवली. वहीत लिहिलं, घरात बोललो नाही.

कोच स्वतः जुना बचावपटू, पन्नाशीचा, एका पायाने किंचित लंगडणारा. तो कठड्याला टेकून कॉफी पीत उभा राहायचा आणि आमची मुलगी बर्फावर उलटी जायची. उलटी, उलटी, एक तास उलटी. पक म्हणजे ती काळी चकती, ती तो खिशातून काढतच नसे. चौथ्या शनिवारी मी घरी येऊन त्याची कारकीर्द शोधून काढली. मुख्य लीगच्या खालच्या, धाकट्या लीगमध्ये अकरा हंगाम, पाच गावं, चौदा गोल.

“अकरा वर्षांत चौदा!” मी बायकोला म्हणालो. “आणि हा आपल्याला तासाला एकशेवीस लावतो.”

“उद्या तू विकेटकीपरला विचारशील, बाबा रे, तू ओव्हर किती टाकल्यास?”

“तसं नाही. आकडे आकडे असतात.”

मागून मुलगी म्हणाली, “बाबा, प्लीज, डोन्ट आस्क हिम. इट्स सो एम्बॅरसिंग.”

मी पाचव्या शिकवणीनंतर विचारलंच. वही उघडून दाखवली: पाच तास, पकला स्पर्श शून्य. तुमचे गोलही चौदाच, असंही म्हणालो.

तो इंग्रजीत म्हणाला, “तेरा धरा. एक दुसऱ्याच्या पाठीला लागून गेला होता.” मग त्याने वही हातात घेतली. “तुम्ही सगळं लिहिता ना? मग रविवारच्या सामन्यात हे लिहा. समोरचा खेळाडू पक घेऊन हिच्या बाजूने आला की बघायचं, तो मधून घुसला की हिने त्याला कडेच्या भिंतीकडे ढकललं. दोन रकाने. दुसरं काही बघू नका.”

माझं तोंड बंद ठेवायला हे काम लावलंय, असं मला वाटलं. तरी केलं. त्या रविवारी एकोणीस वेळा आले, बारा मधून घुसले. तिसऱ्या रविवारी बावीस वेळा आले, मधून फक्त पाच. समोरचा संघ कच्चा असेल, म्हणून मी आमच्याच संघातल्या दुसऱ्या बाजूच्या मुलीचेही रकाने आखले. तिच्याकडून वीसपैकी अकरा मधून गेले होते. माझ्या डोळ्यांचाही मला आधीपासून संशय होता. म्हणून त्याच सामन्यात बायकोला वेगळं मोजायला बसवलं होतं. तिच्या मोजणीत पाचाचे सहा आले. त्या एका फरकावरून आम्ही गाडीत घरापर्यंत भांडलो. मुलीने मागच्या सीटवर वही मागून घेतली आणि स्वतःचे रकाने वाचत बसली.

निवडीच्या दिवशी तिने एकही गोल केला नाही. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या मुलीने तीन केले आणि ते दर वेळी उठून उभे राहिले. मी खाली मान घालून रेघा मारत होतो. तासाभराने काचेच्या दारावर यादी लागली, नुसते जर्सीचे नंबर. बचावाचे सहा, मग एक आडवी रेघ आणि रेघेखाली ‘राखीव’: सत्तावीस. तो तिचा नंबर.

ती माझ्याकडे वळली. “बाबा, डझ इट काउंट?”

“म्हणजे?”

“यू ऑलरेडी पेड फॉर मॅथ. इन सप्टेंबर. आय सॉ इट.”

बायको माझ्याकडे बघत राहिली. “सप्टेंबरात? मग ही पोर पहाटे उठत होती ती कशाला रे?”

 मुलीने गाडीत वही मागितली होती ती ऑक्टोबरात. म्हणजे तेव्हापासून तिला माहीत होतं. तरी एकही शनिवार तिने चुकवला नव्हता.

“काउंट होतं,” मी म्हणालो.

“इव्हन बिलो द लाइन?”

“कागद एकच आहे. अट कागदावर येण्याची होती.”

तिने हात पुढे केला. आम्ही पुन्हा हात मिळवले. या वेळी तिने माझा जरा जास्तच जोरात दाबला.

कोच कठड्यापाशी होता. एका शनिवारी यंत्र बिघडून बर्फ धरला नव्हता आणि शिकवणी बुडाली होती. तो त्या तासाचेही पैसे मागेल अशी माझी खात्री होती. म्हणून हिशेब घरूनच करून आणला होता. मी वही काढायच्या आधीच तो म्हणाला, “नऊ झाल्या. चारशे ऐंशी.” माझ्या खिशातला चेक तेवढ्याचाच होता. त्याने चिकटपट्टीवर ‘४८०, पूर्ण’ लिहून दिलं. ती मी पहिल्या पट्टीखाली सरळ चिकटवली.

कोचला एकूण एक हजार ऐंशी डॉलर दिले. सोमवारी गणिताच्या क्लासला फोन करून जागा सोडली. पैसे परत मिळत नाहीत, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. ते पंचाहत्तर क्लासला गेले, आणि खर्च मी माझ्या नावावर लिहिला.