हळदीचा चटका

लवू परबाची उभी हयात लालबागच्या मसाल्याच्या डंकावर गेली. लोखंडी मुसळं खाली-वर व्हायची आणि तो मिरची हळूहळू त्यांच्याखाली सारत राहायचा. मसाला कोमट व्हायचा. ती ऊब भाजणीची, ही त्याची पक्की समजूत. घाईत भाजून आणलेली मिरची हाताला कळते, असं तो सांगायचा. बायका ऐकून घ्यायच्या.

निवृत्तीनंतर, या मे महिन्यात, मसाला दळून देणाऱ्या हितेंद्रनं त्याला आपल्या दुकानात बोलावलं. नेहमीचा माणूस गावी गेला होता आणि दारात रांग होती. हितेंद्रकडे डंक नव्हता, विजेची चक्की होती. चक्की भराभर गिळत होती. लवूलाही जोर चढला, तो मिरची कोंबत गेला.

त्याच्या चाळीतल्या शेवंतीचा मसाला बाहेर आला तो चटके देत. मसाला विकूनच तिचं घर चालायचं.

"वहिनी, मिरची तव्यावरून थेट इथं आणलीत काय?"

"काल भाजलीय, भावजी. रात्रभर परातीत पसरली होती."

"मग हा जाळ कुठनं आला? जन्म गेला माझा यात. मसाला विकता नि भाजणीचा कंटाळा करता."

रांगेतली नलू शेवंतीचं गिऱ्हाईक. ती म्हणाली, "मागच्या वर्षीपण असंच केलंस काय गं?"

एरवी मसाला फळीवरच्या कापडावर पसरून गार करतात, मगच डब्यात भरतात. शेवंतीनं तो तसाच भरला, झाकण दाबलं आणि कोणाकडे न बघता निघून गेली.

मग नलूची हळकुंडं आली. लवूनं ती बाजूच्या हळदीच्या चक्कीत तशीच कोंबली. पिवळी पूड हातावर पडली आणि बोटं पोळली.

"ही भाजली होतीस?"

"हळकुंडं कोण भाजतं, लवूभाऊ? उन्हात जास्त बसलात काय?"

लवूनं मोटरीवर हात ठेवला. मोटर वीज ओढत होती. दळायला त्यातली थोडीच लागत होती. उरलेली नाहीशी कशी होईल? त्यानं खाल्लेली भाकरी डंकावर घाम होऊन निघायची, तशी ही ऊब होऊन मसाल्यात उतरत होती. जितकी घाई, तितका चटका. डंकावरची ऊबसुद्धा मुसळांचीच होती. आणि किती बायकांना त्यानं भाजणीवरून बोल लावले होते.

हितेंद्रला चक्की बघायला सांगून तो धावतच चाळीत गेला. शेवंतीनं डबा फळीवर ठेवला होता. त्यानं विचारलंही नाही, झाकण काढलं. त्याला आतून घामासारखे थेंब धरले होते. खाली पडू लागलेले. मसाल्याला बुरशी आली असती.

"कापड द्या, वहिनी."

तिनं जुनं लुगडं अंथरलं. गुडघे दुखत असतानाही लवू खाली बसला आणि एकेक गुठळी फोडत मसाला पातळ पसरला.

"भाजणी चांगली होती. तापवला मी."

"हे मला सांगून काय उपयोग?" शेवंती म्हणाली. "नलू तिकडे आहे."

दोघं दुकानात आली. रांग तशीच होती. लवूनं हितेंद्रला बटण बंद करायला सांगितलं. चक्की घरघरत थांबली आणि सगळ्या बायका वळल्या.

"शेवंतीवहिनींच्या भाजणीत खोट नव्हती. मसाला माझ्या घाईनं तापला. आजवर ज्यांना ज्यांना मी बोललो, त्यांच्याही भाजणीत नव्हती."

नलूनं आपल्या हळदीच्या गरम डब्याला हात लावून पाहिला, झाकण काढलं आणि हळद फळीवरच्या कापडावर ओतली. लवूनं ती खाली मान घालून पसरायला घेतली.