लॅप्स होणाऱ्या कॅलरी

"मॅडम, घडी म्हनते खा, तुम्ही म्हनता नका खाऊ. मी ऐकू कोनाचं?"

रफिकभाऊंनी मनगट माझ्या टेबलावर ठेवले. त्यावर काळा फिटनेस बँड होता. मी राजुऱ्याला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. रफिकभाऊ जवळच्या उघड्या कोळसा खाणीत डंपर चालवतात. कंपनीच्या दवाखान्याने त्यांना बजावले होते: पुढच्या मेडिकलपर्यंत वजन आणि बीपी उतरले नाही, तर डंपरवरून खाली. मग गेटवर बसून गाड्यांची नोंद करायची. बावीस वर्षे स्टिअरिंग धरलेल्या माणसाला ही शिक्षाच होती.

बँड आणि मोबाइलमधील अॅप घेतल्यापासून मात्र त्यांचे वजन वाढत होते.

"यांची घडी सासू झाली हो मॅडम," शेजारी बसलेल्या नसरीनबाई, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या. "जावयाले वाढून राह्यली. हे उठतच नाई."

मी अॅप उघडले. अन्नाच्या नोंदी प्रामाणिक होत्या. पोळी, दालचा, भात, सारे मोजून लिहिलेले. रात्री जेवणानंतर मात्र रोज काहीतरी जादा दिसत होते. कधी केळी, कधी चिक्की, कधी वाटीभर शेवया.

"हे भूक लागली म्हणून?"

"नाई. शिल्लक होती म्हनून."

येथे थोडे समजावून सांगायला हवे. दिवसभरात किती कॅलरी, म्हणजे अन्नातील ऊर्जा, घ्यायची याची मर्यादा अॅप ठरवते. आपण खाल्लेले त्यातून वजा होते. बँडने मोजलेल्या श्रमाच्या कॅलरी त्यात मिळवल्या जातात. उरते ती 'शिल्लक'. ती संपवलीच पाहिजे, असे मुळीच नाही.

"शिल्लक राहिली तर राहू द्यायची, भाऊ."

"अशी कशी राहू द्यायची? रात्री बाराले झिरो होते ना! आमची सीएलची सुटी डिसेंबरात लॅप्स होते, तशी. कोनी सीएल सोडते का?"

नसरीनबाईंनी कपाळावर हात मारला. मला हसू आवरावे लागले. कारण रफिकभाऊंचा तर्क चुकीच्या जागी असला, तरी पक्का होता.

तरीही एक प्रश्न उरला. दिवसभर डंपरच्या सीटवर बसणाऱ्या माणसाकडे एवढी शिल्लक येत कुठून होती? मी हालचालीचा आलेख पाहिला. ड्युटीच्या दिवशी उंच पट्ट्या. सुटीच्या दिवशी, बाजारभर पायी हिंडूनही, बुटक्या.

"ड्युटीवर तुम्ही चालता कुठे?"

"मी कुठी चालतो? गाडी चालते."

माझी शंका मी त्यांना सांगितली. बँडमध्ये एक चिमुकला सेन्सर असतो. त्याला पाय दिसत नाहीत. फक्त हिसके कळतात. खाणीचा रस्ता खडबडीत, डंपर हादरणारा. ते हादरे पावले म्हणून मोजले जात असावेत.

"उद्या बँड मनगटावर नको. डब्याच्या पिशवीत घालून सीटमागे टांगा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. "मॅडम, माहा डबा शिफ्टभर पायदळ चालला! माह्यापेक्षा जास्त!"

अॅपमध्ये श्रमाच्या कॅलरी मिळवण्याची सोय बंद करता येते. ती मी बंद करून दिली. ड्युटीवर बँड घरीच ठेवायचा आणि ड्युटी सुटल्यावर खरोखर चालायचे, असे ठरले. मग मी दवाखान्यातील डॉक्टरांना फोन केला.

"बँडमुळे त्यांची गफलत झाली होती. तारीख थोडी पुढे ढकलता येईल का?"

"डंपर आहे मॅडम, सायकल नाही. तारीख तीच."

पहिल्या आठवड्यात शिल्लक इतकी आक्रसली की रफिकभाऊ चिडले. "घडी बरी होती, तुम्ही लय कंजूस निघाल्या." पण चिक्की सुटली. नसरीनबाई स्वतः संध्याकाळी त्यांच्याबरोबर चालू लागल्या. एकटे सोडले तर नवरा टपरीपर्यंतच जातो, असे त्यांचे मत.

मेडिकलला वजन अपेक्षेइतके उतरले नव्हते. बीपी मात्र मर्यादेत आले होते. डॉक्टरांनी त्यांना डंपरवरच ठेवले आणि लवकरच पुन्हा तपासणीला बोलावले. रफिकभाऊ दवाखान्यातून थेट शिफ्टला गेले.

आता बँड घालून येणाऱ्या प्रत्येकाला मी आहाराआधी एकच विचारते: कामावर तुम्ही हलता, की काम तुम्हाला हलवते? परवा एका ट्रॅक्टरवाल्याने उत्तर देण्याआधी बँड काढून खिशात घातला.